काठोकाठ भरलेला रेडिएटर

वाळवंटातल्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. बटालियनच्या गाड्या चालू ठेवणं हे माझं काम. त्याआधीचं पोस्टिंग डोंगरात होतं. तिथे पहाटे इंजिन सुरू होत नसे. इथे सुरू झालेलं इंजिन दुपारपर्यंत टिकत नसे. पोहोचल्यावर मी सगळ्या गाड्यांची फेरी केली आणि कोणती गाडी कशामुळे तापते ते प्रत्येकीच्या डॅशबोर्डखाली खडूने लिहून ठेवलं. एकीचा फॅन बेल्ट सैल. एकीच्या रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालेलं. एकीचा खालचा पाइप आतून सोलवटून पाण्याची वाट अडवत होता. रोग वेगळे, पण लक्षण एकच. काटा लाल पट्टीकडे सरकायचा.

सिव्हिलमधल्या लोकांसाठी एवढंच सांगतो. इंजिनात फिरून तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, त्याच्या बारीक पात्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. पाणी, वारा आणि ते पाणी फिरवणारा पंप, या तिन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी जुनं डिझेल इंजिन उकळतं. त्यात फोर-बाय-फोर टाकून, खालच्या गिअरमध्ये वाळू तुडवायची म्हणजे इंजिन पूर्ण जोरात आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. वारा मिळणार कुठून?

प्रल्हाद मला तिथेच भेटला. लान्स नायक, ड्रायव्हर, मेहकर तालुक्यातल्या डोणगावचा. मी देऊळगाव राजाचा, त्याच बुलढाणा जिल्ह्याच्या जालन्याकडच्या टोकाचा. एकाच जिल्ह्याचा माणूस इतक्या लांब भेटला की तो घरचाच होतो. पहिल्या दिवशी मी त्याच्या जीपसमोर उभा राहिलो तर पुढच्या जाळीवर पाण्याची मोठी छागल लटकत होती. जाड कापडाची, झिरपून ओली झालेली.

"हे काय लटकवलंस?"

"छागल हाये. आपल्या इकडं लावत नाईत का जीपले? वारं लागते, पानी थंडगार राह्यते."

"पाणी थंड राहतं आणि इंजिन तापतं. रेडिएटरचं अर्धं वारं तू छागलीला पाजतोयस."

"मंग कुठं लावू?"

"तुझ्या दाराला. हाताशीही राहील."

त्याने ती काढली, दाराच्या कडीला बांधली आणि बाकीच्या ड्रायव्हरांकडे बघत म्हणाला, "आमचे हवालदार सायेब बुलढाण्याचे वाटतच नाईत. देऊळगाव म्हंजे अर्धं जालनं."

"अर्धं जालनं असलं तरी हवालदार पूर्ण आहे. ऑइल बघ."

"बघतो, भाऊ."

तेव्हापासून ड्युटीवर हवालदार सायेब आणि ड्युटी संपली की भाऊ, असं ठरून गेलं.

प्रल्हादची घरी एक जीप होती. सुट्टीत घेतलेली, जुनी, डिझेल, फोर-बाय-फोर. थोरला भाऊ शामराव ती चालवायचा. शेतातून सोयाबीन आणणं, खताची पोती नेणं, कुणी आजारी पडलं तर बुलढाण्याला नेणं. प्रल्हाद तिच्याबद्दल एखाद्या हट्टी आत्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. एका रविवारी त्याने फोन माझ्या कानाला लावला.

"सायेब, चढावर पानी उकयते," शामराव पलीकडून ओरडत होता. लांबच्या फोनवर ओरडावं लागतं अशी त्याची समजूत होती.

"थर्मोस्टॅट वॉल्व्ह आहे का जागेवर?"

"तो तं मिस्त्रीनं काढून फेकला. म्हने, याच्यानंच गाडी गरम होते."

"तो परत बसवा. तो नसला तर बरंचसं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच आतल्या आत फिरतं. आणि रेडिएटरच्या पात्यांत काय आहे ते बघा."

पलीकडे बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग शामराव म्हणाला, "भुसा."

"सोयाबीनचा?"

"पूरा भरला हाये, सायेब. उशी झाली."

प्रल्हाद हसून हसून वाळूत बसला. मी सांगितलं, इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारा, बाहेरून आत मारलं तर भुसा आणखी रुतेल. पुढच्या रविवारी शामरावचा फोन आला. गाडी चढ चढली होती. "माय म्हनते, सायबाले जेवाले आना," त्याने निरोप दिला. मी हो म्हटलं. सुट्टी जमवून दोघांनी एकदम जायचं ठरवलं होतं.

आता रंगाबद्दल सांगायला हवं.

फौजेत मोठ्या इन्स्पेक्शनच्या आधी सगळ्याला रंग लागतो. दगडांना, झाडांच्या बुंध्यांना, बादल्यांना आणि गाड्यांनाही. गाडी कशी चालते हे बघायला वेळ लागतो. ती कशी दिसते हे लगेच कळतं. त्यामुळे हाताला ब्रश मिळाला की पोरं थांबत नाहीत. जाळीच्या मागे रेडिएटर दिसतो, तो धुळकट दिसतो, म्हणून त्यालाही दोन हात हिरवा रंग. जाड रंगाने पात्यांमधल्या फटी बुजतात. बाहेरून रेडिएटर नवा दिसतो, पण त्याचं नाक बंद झालेलं असतं. आमच्या बटालियनमध्ये हे होऊ नये म्हणून मी ब्रश वाटतानाच रेडिएटरवर गोणपाट बांधून घेत असे.

उन्हाळी एक्सरसाइजच्या, म्हणजे युद्धसरावाच्या, आधी दुसऱ्या युनिटकडून आम्हाला एक ॲम्ब्युलन्स जीप मिळाली. जुनी, डिझेल, पत्र्याच्या बंद केबिनची, मागे मधल्या पत्र्याआड स्ट्रेचरची जागा. तिकडे नुकतंच इन्स्पेक्शन झालं होतं. मी जाळी खोलली. आत गुळगुळीत हिरवं. नख लावलं तर रंगाचा पापुद्रा निघाला.

मी रिपोर्ट दिला. रेडिएटर बदलावा. डेपोत नग नव्हता. एक्सरसाइज संपल्यावर मिळेल असं उत्तर आलं. मी थिनर आणि बारीक तार घेऊन बसलो आणि जमेल तेवढ्या फटी मोकळ्या केल्या. जवळपास निम्म्या झाल्या असतील. बाकीची पाती पातळ पत्र्याची होती. जोर केला असता तर आतल्या पाण्याच्या नळ्या फुटल्या असत्या. गाडीवर मी लिहिलं, फक्त हलक्या कामासाठी, सावकाश चालवावी, पाण्याचा जास्तीचा जेरीकॅन ठेवावा. आणि अशी गाडी कुणाला द्यायची ते मेजर साहेबांनी मला विचारलं.

मी सांगायच्या आत प्रल्हाद पुढे आला. "हिले दमा हाये, सायेब. मले द्या. घरच्या जीपनं मले दमेकऱ्याची सवय लावली."

हे त्याने हिंदीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. साहेब माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर केलं. साहेब हसले आणि गाडी त्याला मिळाली.

एक्सरसाइजच्या चौथ्या दिवशी सकाळी पुढच्या ठाण्यावर ट्रेलर उलटला. बलबीर नावाच्या तरुण शिपायाची मांडी त्याखाली चिरडली. नर्सिंग असिस्टंट जोसेफने पट्टा आवळून रक्त थोपवलं, पण ते पूर्ण थांबत नव्हतं. आम्ही मागे, मेडिकल तंबूजवळ होतो. मध्ये चाळीस किलोमीटर वाळू. हेलिकॉप्टर मागितलं. पश्चिमेकडून वावटळ उठली होती, समोरचं दिसत नव्हतं. हेलिकॉप्टर येणार नाही असं कळलं. पुढच्या ठाण्यावर ॲम्ब्युलन्स एकच होती आणि प्रल्हाद तिच्याबरोबर होता.

डॉक्टर कॅप्टन मॅडम रेडिओवर आल्या. "कितनी देर?"

"दो घंटे, मॅडम. कोशिश करेंगे," प्रल्हादचा आवाज.

"उससे पहले."

साडेअकराला जीप निघाली. इकडून पाण्याची टाकी घेऊन ट्रक समोरून पाठवला. पहिल्याच टेकाडाच्या पलीकडे तो ॲक्सलपर्यंत रुतला आणि ती मदत तिथेच संपली. मेजर साहेबांनी मला रेडिओजवळ बसवलं. सेटवर हिंदीतच बोलायचं असा नियम आहे. पहिली पाच मिनिटं आम्ही तो पाळला.

"टेम्परेचर?"

"काटा लालच्या काठावर हाये. ओव्हर."

"वारं कुठून आहे?"

"मागून. गाडीइतकंच पयून राह्यलं, भाऊ."

हे सगळ्यात वाईट होतं. मागचं वारं गाडीच्या वेगाने चाललं की रेडिएटरपुढची हवा जागच्या जागी राहते. त्यात निम्मी पाती बुजलेली. सिग्नलवाल्याने मराठी ऐकून शेजारी उभ्या सुभेदार साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बोलने दो."

"थांबावं लागलं तर तोंड वाऱ्याकडे फिरवून थांब. इंजिन बंद करू नको."

"एकदा थांबलो होतो तसा. जेरीकॅन ओतला."

"झाकण?"

"चिंधी धरून, आधी वाफ सोडली. मंग धार बारीक ठेवली. मी काय नवा हाओ का?"

"हीटर?"

"फुल."

ही युक्ती आमच्या सेक्शनमधल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होती. हीटर म्हणजे केबिनमधला दुसरा छोटा रेडिएटर. तो पूर्ण चालू केला की इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते आणि काटा तेवढा खाली सरकतो. वाळवंटात रात्री गारठा असतो म्हणून त्या गाड्यांना हीटर होते. मे महिन्याच्या दुपारी, वावटळीमुळे बंद केलेल्या काचांत, तो चालू ठेवणं काय असतं ते मी एकदा शेडमध्ये करून पाहिलं आहे. थोड्याच वेळात मी बाहेर पडलो होतो.

"पाणी पी."

"पेलो."

बाराच्या पुढे वावटळ वाढली. सेट खरखरत होता. जोसेफचा आवाज आला, पेशंट कुजबुजतोय, नाडी बारीक आहे. मॅडम म्हणाल्या, थांबू नका. इंजिनाच्या बाजूने विचार केला तर अर्धा तास थांबायला हवं होतं. बलबीरच्या बाजूने विचार केला तर एक मिनिटही नाही.

"प्रल्हाद, काटा?"

"लालमधी जाते, वापस येते. पानी टाकलं की येते."

"जेरीकॅन संपला असेल."

"हाये थोडं."

"तू पाणी पेलास का?"

"पेलो, भाऊ. काऊन घडीघडी इचारता? तुमी तं माह्या मायसारखे करून राह्यले. तिले बी मी पेलो म्हनल्याशिवाय चैन पडत नाई."

इकडे रेडिओजवळचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन.

एक वाजून गेल्यावर त्याचा आवाज जड झाला. मधल्या मधल्या शब्दांवर तो थांबायचा. मी विचारलं, कुठवर आलास. बराच वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "घाट चढून राह्यलो. वर गेलं की बुलढाणा."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"वर आलास की चहा सांगतो," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला. त्याच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं ते.

दीडच्या सुमाराला जीप वावटळीतून बाहेर आली. सरळ आली, मेडिकल तंबूच्या दारासमोर, मागचं दार तंबूकडे करून थांबली. प्रल्हादने लावली त्याहून चांगली लावता आली नसती. बलबीरला उतरवून आत नेलं. जोसेफ पट्टा धरून त्याच्याबरोबर पळाला. इंजिन आयडलवर चालू होतं. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, पाणी फिरत ठेवून निवू द्यायचं, हा नियम. प्रल्हाद स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

मी आधी बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता. बेल्ट ठीक. पाइप फुगलेला, पण फुटलेला नाही. इंजिन उकळलं की आधी जळतं ते हेड गॅस्केटही शाबूत होतं. "शाबास रे," मी बॉनेटच्या मागून म्हटलं. उत्तर आलं नाही.

मी दाराशी गेलो. कडीला छागल चपटी लटकत होती. केबिनमधून भट्टीसारखी झळ आली. हीटर चालूच होता. प्रल्हादचे डोळे उघडे होते. अंगावर घामाचा थेंब नव्हता, कातडी कोरडी आणि तापलेली. हाक मारली. त्याने बघितलं, पण माझ्याकडे नाही.

मॅडमनी बर्फ लावला, ओल्या चादरी लावल्या, दोन्ही हातांत सलाइन लावलं. त्या बलबीर आणि प्रल्हाद यांच्यामध्ये धावत होत्या. मी चादरी भिजवून देत होतो. संध्याकाळच्या रोल कॉलच्या आधी प्रल्हाद गेला.

जीप मी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड झाल्यावर, झाकण उघडलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता.

मग जोसेफला विचारलं. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. प्रल्हाद चार वेळा थांबला. आधी जेरीकॅन संपला. मग छागल. मग त्याची स्वतःची पाण्याची बाटली. जोसेफने मधल्या पत्र्याच्या खिडकीतून आपली बाटली पुढे केली तर तो म्हणाला, पेशंटसाठी ठेवा, मी प्यालोय. जोसेफ केरळचा. त्याने ते शब्द मला प्रल्हादच्याच हिंदीत म्हणून दाखवले. त्याला खोटं वाटावं असं काही नव्हतं, कारण रेडिओवरही प्रल्हाद हेच सांगत होता.

चौकशी झाली. रेडिएटर, झरोके, हीटरचे भाग यांना रंग लावू नये अशी लेखी ऑर्डर निघाली. ती वाचून दाखवली तेव्हा मी फॉलइनमध्ये उभा होतो. सगळ्यांबरोबर ऐकली.

पार्थिवाबरोबर डोणगावला मी गेलो. आधी ठरलं होतं तसे आम्ही दोघे एकदम त्याच्या घरी पोहोचलो. सरकारी इतमामात व्हायचं ते सगळं झालं. गाव मोठं, गर्दी मोठी. दिवसकार्य झाल्यावर माणसं पांगली आणि त्याच्या आईने मला बोलावून घेतलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. शामराव दाराशी उभा होता.

"तिथं पानी नव्हतं का, बाप्पा?" तिने विचारलं.

मला प्रवासभर वाटत होतं की ती हेच विचारेल. मी दुसरं उत्तर तयार केलं नव्हतं.

"होतं, माय. त्यानं गाडीला पाजलं. मागे जखमी होता."

"तो पोरगा?"

"वाचला. पाय पण वाचला."

तिने शामरावकडे बघितलं. मग म्हणाली, "लहानपनापासून तसाच. जेवला का म्हनलं तं जेवलो. पानी पेला का म्हनलं तं पेलो. अन् खेयाले पये."

शामराव आत निघून गेला.

आता मी रिटायर आहे. देऊळगाव राजाला रस्त्यालगत माझं वर्कशॉप आहे. जुन्या डिझेल जीप येतात. अजून पुष्कळ जण जाळीसमोर काहीबाही लावून येतात. लाइट, पाट्या, देवाचे फोटो, कधी छागलसुद्धा. मी काढायला लावतो. उन्हाळ्यात गाडी दारात आली की बॉनेटच्या आधी चालवणाऱ्याच्या हातात तांब्या देतो. गिऱ्हाईक म्हणतं, मला नाही, गाडीला द्या. मी तांब्या पुढे धरूनच ठेवतो.

दर वर्षी मे महिन्यात, प्रल्हाद गेला त्या तारखेला, मी डोणगावला जातो. बलबीर त्या दिवशी शामरावला फोन करतो. दोघे एकमेकांची भाषा धड समजत नाहीत, तरी बोलतात. मी प्रल्हादची जीप बघतो. बेल्ट ताणून पाहतो, झाकणाचं रबर दाबून पाहतो, पाइप पिळून पाहतो. वॉल्व्ह जागेवर आहे. रेडिएटरमध्ये मागच्या हंगामाचा भुसा असतोच. शामराव पाण्याची नळी आणून देतो आणि मी इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारतो. पिवळा भुसा जमिनीवर सांडतो.

"यंदा कमी हाये ना, भाऊ?" शामराव विचारतो. आता तोही मला भाऊ म्हणतो. कमी नसतो, तरी मी हो म्हणतो.

काम संपलं की माय बाहेर येते. हल्ली तिला काठी लागते. एका हातात गुळाचा खडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन ती काठीशिवायच कशीबशी येते. शामराव घ्यायला गेला तर त्याला देत नाही. मी गूळ खातो, पाणी पितो. ती समोर उभी राहून बघते.

"पेला का?"

मी तोंडाने काही सांगत नाही. पेला तिच्यासमोर धरतो आणि उलटा करून दाखवतो. एकही थेंब पडला नाही हे बघून झालं की ती तो माझ्या हातून घेते आणि घरात जाते.